रुग्ण कुशीवरून वळण्याआधी: अस्थिमज्जेचा नमुना बेडपाशीच तपासण्याची पद्धत

इंदूरच्या मोठ्या रुग्णालयांत बोन मॅरोसाठी येणारा रुग्ण बऱ्याचदा शहरातला नसतो. झाबुआ, अलीराजपूर, बडवानी, धार, खरगोन अशा ठिकाणांहून तो बसने येतो, सोबत घरातलं एक कमावतं माणूस असतं. टोचून घेऊन तो गावी परततो आणि काही दिवसांनी रिपोर्ट येतो: "नमुना रक्तमिश्रित, कण आढळले नाहीत, पुन्हा पाठवावा." म्हणजे पुन्हा बस, पुन्हा बुडालेली मजुरी, पुन्हा कमरेच्या हाडात सुई. शिवाय ज्या आजाराचा शोध चालू होता तो तेवढ्या दिवसांत पुढे सरकलेला असतो.

यातले बरेच नमुने फसले आहेत हे काढल्यापासून पाच मिनिटांत कळू शकतं. त्यासाठी बेडपाशी एक छोटा मायक्रोस्कोप, एक झटपट स्टेन (पेशी दिसाव्यात म्हणून द्यायचा रंग) आणि काय पाहायचं याची शिस्त पुरते. हा लेख वॉर्डातले निवासी डॉक्टर, लॅब टेक्निशियन आणि जिल्हा रुग्णालयात मॅरो करणाऱ्यांसाठी आहे. सुई घालण्याचं कसब अनुभवी डॉक्टरच्या हाताखालीच शिकायचं असतं, ते इथे दिलेलं नाही.

ही तपासणी कशासाठी, आणि कशासाठी नाही

बेडपाशी एकाच प्रश्नाचं उत्तर हवं असतं: हा नमुना खरोखर मज्जेचा आहे का, आणि वाचता येईल असा आहे का? निदान इथे करायचं नाही. आंतरराष्ट्रीय रक्तविज्ञान मानकीकरण परिषदेच्या २००८च्या मार्गदर्शक सूचनांनुसार नेमकं प्रमाण हवं असेल तेव्हा किमान ५०० केंद्रकयुक्त पेशी मोजाव्या लागतात, त्याही एकाहून अधिक स्लाइडवर. ते काम प्रयोगशाळेतल्या टेबलावर, चांगल्या स्टेनवर आणि सवडीने करायचं आहे. बेडपाशी घाईघाईत "ब्लास्ट (म्हणजे ल्युकेमियात वाढणाऱ्या कच्च्या पेशी) दिसताहेत" असं नातेवाइकांसमोर कुणी बोललं तर झालेलं नुकसान भरून निघत नाही.

याला एक अपवाद आहे. गडद दाणेदार, विचित्र केंद्रकांच्या पेशींनी पूर्ण स्लाइड भरलेली दिसली आणि रुग्णाला हिरड्यांतून किंवा त्वचेखाली रक्तस्राव होत असेल, तर रिपोर्टची वाट न पाहता हिमॅटॉलॉजिस्टला (रक्तविकारतज्ज्ञाला) तिथूनच फोन करा. तीव्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात (रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार) काही तासही मोलाचे असतात. मात्र फोनवर "शंका आहे" एवढंच सांगायचं.

मायक्रोस्कोप कोणता घ्यावा

आधी आकार ध्यानात घ्या. लाल पेशी ७ ते ८ मायक्रॉनची, मज्जेतल्या बहुतेक तरुण पेशी १० ते २० मायक्रॉनच्या आणि मेगाकॅरिओसाइट (प्लेटलेट तयार करणारी पेशी) ५० ते १०० मायक्रॉनपर्यंत. मज्जेचा कण तर अर्धा-एक मिलिमीटरचा, नुसत्या डोळ्यांनाही दिसणारा. म्हणजे नमुना पुरेसा आहे की नाही हे ठरवणारं जवळजवळ सगळं ४× आणि १०× वरच दिसतं. १०×, ०.२५ एनएचं (न्यूमरिकल अपर्चर, भिंगाची प्रकाश गोळा करण्याची क्षमता) भिंग साधारण १.३ मायक्रॉनपर्यंतचा तपशील वेगळा दाखवतं आणि या कामाला तेवढं भरपूर आहे.

घडीच्या कागदी सूक्ष्मदर्शकाबद्दल नेहमी विचारलं जातं. मनू प्रकाश यांच्या स्टॅनफर्डमधल्या गटाने तयार केलेला फोल्डस्कोप साधारण १४० पट मोठं दाखवतो आणि त्याची विभेदनक्षमता सुमारे २ मायक्रॉन आहे, म्हणजे कण आणि मोठ्या पेशी त्यात दिसायला हरकत नाही. शिकवायला तो सुंदर आहे. पण त्याला दोन्ही हात लागतात, तो डोळ्याजवळ किंवा फोनला चिकटवून धरावा लागतो, आणि रक्त लागलं की घड्यांमधून तो स्वच्छ करणं अवघड. बेडपाशी काम करताना ग्लोव्हजवर रक्त असतं, म्हणून इथे आम्ही तो सुचवत नाही.

एकडोळी, एलईडीवर चालणारा, दोन-तीन किलोचा छोटा कंपाउंड मायक्रोस्कोप घ्या. इंदूरच्या दवा बाजारात किंवा इतर कुठे पाहायला जाल तेव्हा स्वतःकडची एक स्टेन केलेली जुनी मॅरो स्लाइड बरोबर न्या. दुकानदाराकडची कांद्याच्या सालीची स्लाइड प्रत्येक मायक्रोस्कोपमध्ये छानच दिसते. पुढच्या गोष्टी तपासून घ्या:

- ४×चं भिंग आहे का? बरेच पोर्टेबल मायक्रोस्कोप १०×पासूनच सुरू होतात. आयपीसचा (डोळ्याकडच्या भिंगाचा) फील्ड नंबर, म्हणजे त्यातून दिसणाऱ्या वर्तुळाचं माप, १८ असेल तर ४× वर साडेचार मिलिमीटरचं वर्तुळ दिसतं, १०× वर फक्त १.८ मिलिमीटरचं. कण शोधायला ४×च हवं.
- कंडेन्सरचा डायफ्राम (स्लाइडखालून येणारा प्रकाश कमी-जास्त करणारी झडप) खरोखर उघड-बंद होतो का? स्टेन न केलेला कण पाहताना सगळा खेळ त्याच्यावर आहे.
- स्लाइड सरकवायला मेकॅनिकल स्टेज आहे का? नुसत्या क्लिपखाली ग्लोव्हज घातलेल्या बोटांनी स्लाइड सरकवताना ती हमखास निसटते.
- फोनचं अडॅप्टर हलतं का? फोन लावल्यावर वर्तुळाची एक कड काळी पडत असेल तर ते अडॅप्टर घेऊ नका.

पॉवर बँकवर एलईडी चालवताना एक अडचण हमखास येते. एलईडी इतका कमी करंट घेतो की कित्येक पॉवर बँका "काही जोडलेलंच नाही" असं समजून मिनिटाभरात बंद पडतात, तेही नेमकं फोकस लागल्यावर. कमी करंटवर चालू राहणारी पॉवर बँक निवडा किंवा सेलवर चालणारा मायक्रोस्कोप घ्या. कोणताही घेतलात तरी वॉर्डात नेण्याआधी दहा मिनिटं चालवून पाहा.

सुईआधीची मांडणी

मायक्रोस्कोप रुग्णाच्या बेडवर किंवा बेडला चिकटलेल्या टेबलावर ठेवू नका. रुग्ण श्वास घेतो तेवढ्यानेही ४० पटीवर चित्र डोलतं. चाकं लॉक केलेली वेगळी स्टीलची ट्रॉली घ्या आणि ती बेडपासून हातभर अंतरावर, सुई धरणाऱ्याच्या पाठीमागे न येता बाजूला ठेवा. निर्जंतुक ट्रे आणि मायक्रोस्कोपची ट्रॉली या दोन वेगळ्या जागा आहेत. इकडची माणसं तिकडे हात लावत नाहीत.

माणसं तीन असावीत: सुईवर डॉक्टर, स्लाइडवर टेक्निशियन, आणि एक जण रुग्णाच्या चेहऱ्याशी. तिसऱ्या माणसाचं काम कमी समजू नका. सिरिंजने मज्जा ओढताना होणारी वेदना भुलीने थांबत नाही, हे आधीच सांगावं लागतं: "आजी, आता कमरेतून आत काहीतरी ओढल्यासारखं दुखेल. दहापर्यंत मोजा, तोवर थांबेल." हे ज्याने ऐकलेलं असतं तो रुग्ण हलत नाही, आणि त्याचा नमुनाही चांगला येतो. रुग्ण निमाडी किंवा भिली बोलणारा असेल तर हे वाक्य त्याच्या सोबतच्या माणसाकडून आधीच म्हणवून घ्या.

स्लाइडच्या ट्रॉलीवर फ्रॉस्टेड टोकाच्या किमान दहा स्वच्छ स्लाइड, कोपरे घासून अरुंद केलेली एक स्प्रेडर स्लाइड, ६० मि.मी.ची प्लास्टिकची पेट्री डिश, कव्हर स्लिप, ईडीटीएची आणि सोडियम हेपारिनची बल्ब (रक्त गोठू न देणारं औषध घातलेल्या नळ्या), मिथेनॉल, दोन रंगांच्या झटपट स्टेनची भांडी, पीएच ६.८चं बफर, टिपकागद आणि टायमर लागतात. स्लाइडवर नाव, नोंदणी क्रमांक, तारीख आणि स्लाइडचा अनुक्रमांक शिसपेन्सिलने आधीच लिहून ठेवा. बॉलपेन आणि मार्कर दोन्ही मिथेनॉलमध्ये धुऊन जातात, आणि बिननावाच्या मॅरो स्लाइडला काही किंमत उरत नाही.

फॉर्मेलिनची बाटली या ट्रॉलीवर ठेवायची नाही. बायॉप्सीसाठीचा तुकडा तिच्यात जायचा असतो, म्हणून कुणीतरी ती सवयीने जवळ आणून झाकण उघडून ठेवतं. तिची वाफ न स्टेन केलेल्या स्मिअरपर्यंत (स्लाइडवर पसरलेल्या पातळ थरापर्यंत) पोचली की स्टेन हिरवट-निळसर आणि धुरकट येतो, केंद्रकांचा तपशील पुसला जातो. ही खराबी नंतर कुठल्याही उपायाने दुरुस्त होत नाही. बाटली खोलीच्या दुसऱ्या टोकाला, झाकण घट्ट लावून ठेवा.

त्याच वेळी बोटातून किंवा शिरेतून रक्ताचा एक साधा स्मिअरही करून ठेवा. मॅरोत किती रक्त मिसळलंय याचा अंदाज घेताना तुलनेला त्याची गरज पडेल.

पहिली ओढ

स्मिअरसाठीची पहिली ओढ अर्धा मि.ली.पेक्षा जास्त नको. १० किंवा २० मि.ली.ची कोरडी सिरिंज, एक जोरकस झटका, आणि सिरिंजच्या तोंडाशी लाल दिसताच थांबायचं. नवशिके इथेच चुकतात. "थोडं जास्त घेऊन ठेवू" म्हणून दोन-तीन मि.ली. ओढलं की हाडातल्या पोकळ्यांतलं रक्त धावून येतं आणि मज्जेच्या पेशी त्यात हरवतात. फ्लो सायटोमेट्री (पेशींचे प्रकार मोजणं) आणि सायटोजेनेटिक्ससाठी (पेशींची गुणसूत्रं तपासणं) लागणारे दोन-तीन मि.ली. दुसऱ्या सिरिंजने, दुसऱ्या ओढीत घ्या.

उपचारानंतर उरलेला आजार मोजायला मॅरो करत असाल तर गोष्ट वेगळी. तिथे फ्लोच्या बल्बमध्ये पहिल्या ओढीचाच भाग जायला हवा, नाहीतर रक्तमिश्रणामुळे आकडा खोटा कमी येतो. वाटणीचा क्रम आदल्या दिवशी प्रयोगशाळेशी बोलून ठरवा, सुई आत असताना नव्हे.

सिरिंज निघाली की डॉक्टर स्टायलेट (सुईच्या पोकळीतली सळई) परत घालून सुई जागेवरच ठेवतात. पुढची मिनिटभराची वेळ टेक्निशियनची. मज्जा रक्तापेक्षा लवकर गोठते. आधी वीसेक सेकंदांत दोन-तीन सरळ स्मिअर ओढा, उरलेलं पेट्री डिशमध्ये सोडा.

पहिली नजर: ओला कण, स्टेन न करता

पेट्री डिश तिरकी धरा. रक्त खाली वाहतं आणि वर तळाला चिकटून करडे-पांढरे, ओल्या रव्यासारखे दाणे राहतात. तेच मज्जेचे कण. पण नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. चकाकणारा प्रत्येक ठिपका कण नसतो, आणि "कण दिसले" म्हणून रुग्णाला उठवलेल्या कित्येक नमुन्यांत शेवटी नुसता मेद निघतो. डिशची मागची बाजू पुसून ती ४×च्या भिंगाखाली ठेवा. कंडेन्सर खाली, डायफ्राम जवळजवळ बंद. या भिंगाचं अंतर ऐसपैस असतं, त्यामुळे ते रक्ताला लागत नाही.

खरा कण जाळीसारखा दिसतो: वेड्यावाकड्या कडेचा, करडा-पिवळसर, आत मेदपेशींची गोल चमकती घरं आणि घरांच्या मधे दाटलेल्या पेशी. कड लवदार असते, तिथून पेशी सुटून बाहेर तरंगताना दिसतात. सुटा मेदाचा थेंब म्हणजे काळी जाड कड असलेलं अगदी गोल, रिकामं वर्तुळ. डिश हलवली की तो तरंगत सरकतो, कण मात्र तळाला धरून राहतो. गुठळी लालसर असते आणि तिच्या कडेने तंतू लोंबतात. सुईने खरवडलेला हाडाचा चुरा खालच्या प्रकाशात काळा, अपारदर्शक आणि टोकदार दिसतो, त्याच्या आरपार प्रकाश जातच नाही.

दोन-तीन खरे कण दिसले की डॉक्टरला "कण आहेत" असं मोठ्याने सांगा. त्यांनी दुसरी सिरिंज लावून बल्बसाठी ओढावं. इथपर्यंत दीड मिनिटापेक्षा जास्त लागू नये. कण नसतील तर तेही लगेच सांगा. सुई अजून आत आहे आणि दुरुस्ती याच घडीला सर्वात सोपी आहे.

स्मिअर आणि चेपलेली स्लाइड

पिपेटच्या टोकाने किंवा स्प्रेडरच्या कोपऱ्याने कण उचला आणि स्लाइडच्या टोकापासून सेंटिमीटरभर आत ठेवा. सोबतचं जास्तीचं रक्त टिपकागदाच्या कडेने शोषून घ्या. स्प्रेडर साधारण ३० अंशांत धरून, न दाबता, एका संथ ओढीत तीन-चार सेंटिमीटर न्या. कण स्प्रेडरमागे ओढले जातात आणि आपल्या मागे पेशींचा माग सोडतात. वाचन त्या मागातच होतं. स्प्रेडरला स्लाइडइतकी पूर्ण रुंदी असेल तर कण कडेला जातात आणि माग स्लाइडबाहेर पडतो, म्हणून कोपरे घासलेले हवेत.

दोन स्लाइड चेपून करा: कण ठेवा, वर दुसरी स्लाइड आडवी टेका, तिच्या वजनानेच कण पसरू द्या आणि दाब न देता सरळ ओढून वेगळी करा. अंगठ्याने दाबलं की पेशी फुटतात आणि केंद्रकांचे नुसते निळे डाग उरतात. सगळ्या मिळून किमान सहा स्मिअर ठेवा. साध्या स्टेनबरोबर लोहासाठी आणि सायटोकेमिस्ट्रीसाठीही (पेशींतली रसायनं दाखवणाऱ्या चाचण्या) स्लाइड लागतात. झटपट स्टेनला त्यातली फक्त एक खर्च करायची, आणि तीही सर्वात चांगली वाटणारी नव्हे.

झटपट स्टेन

हवेत पूर्ण वाळलेली एक स्लाइड घ्या. ओली स्लाइड मिथेनॉलमध्ये घातली की लाल पेशींत पाण्याचे चमकदार बुडबुडे दिसतात आणि सगळं चित्र बिघडतं. मिथेनॉलमध्ये २० ते ३० सेकंद, मग लाल इओसिनच्या भांड्यात सेकंदाला एक अशा दहा बुडकळ्या, मग निळ्या भांड्यात दहा ते पंधरा. उत्पादकाने रक्ताच्या स्मिअरसाठी पाच बुडकळ्या लिहिलेल्या असतात. मॅरो जाड असतो, त्याला त्याच्या दुप्पट-तिप्पट लागतात. शेवटी बफरने एक विसळणी, स्लाइड उभी करून निथळू द्या, पाठीमागून पुसा. सगळं मिळून तीन-चार मिनिटं. तोवर सुई काढून जागेवर दाब चालू असतो, रुग्ण कुशीवरच असतो आणि निर्जंतुक ट्रे उघडलेला असतो. ट्रे आवरायची घाई कुणी करू नये.

विसळायला नळाचं पाणी नको. इंदूरात नळाला नर्मदेचं पाणी येतं, पण बऱ्याच इमारतींत बोअरिंगचं जड पाणी मिसळतं. अल्कधर्मी पाण्यात लाल पेशी निळसर होतात आणि तरुण पेशी वेगळ्या ओळखू येत नाहीत. उलट सगळं फिकट गुलाबी आणि केंद्रकं पुसट आली तर बफर आम्ल झालंय किंवा निळ्या भांड्यातला रंग दमलाय. काळे बारीक ठिपके सगळीकडे दिसले तर फोकस किंचित वर न्या. ते पेशींच्या वरच्या पातळीत स्पष्ट होत असतील तर तो स्टेनचा गाळ आहे, स्टेन गाळून घ्या.

या स्टेनवर मास्ट पेशींचे दाणे नीट येत नाहीत. पुरेसेपणाच्या तपासणीला त्याने काही फरक पडत नाही, पण अंतिम वाचन लीशमन किंवा मे-ग्रुनवाल्ड-गिम्सा या नेहमीच्या स्टेनवरच व्हायला हवं. झटपट स्टेनची स्लाइडही टाकू नका, बाकीच्यांसोबत प्रयोगशाळेत पाठवा.

दुसरी नजर: माग, मेगाकॅरिओसाइट, रक्तमिश्रण

४× वर स्लाइड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवा. निळे-जांभळे दाट ठिपके म्हणजे कण. मग १०× वर एकेका कणाच्या कडेने फिरा. मेगाकॅरिओसाइट बहुधा कणांच्या कडेला आणि स्मिअरच्या शेवटच्या टोकाकडे सापडतात, आणि आकारामुळे याच भिंगावर उठून दिसतात. कणांमागे पेशींचा माग आहे का आणि त्यात पेशी एकेकट्या, न फुटलेल्या दिसतात का, हे पाहा.

४०× वर जायचं असेल तर एक अडचण येते. भिंगावर ०.१७ लिहिलेलं असतं, म्हणजे ते कव्हर स्लिपसाठी बनवलेलं आहे. उघडा स्मिअर त्याखाली धुरकट दिसतो आणि मग विनाकारण स्टेनला दोष दिला जातो. स्मिअरवर इमर्शन ऑइलचा एक थेंब ठेवून त्यावर कव्हर स्लिप टाका, चित्र लगेच स्वच्छ होतं. फक्त तेल कव्हर स्लिपच्या वर येऊ देऊ नका. ४०×ला एकदा तेल लागलं की पुढचे सगळे नमुने धुरकटच दिसतील.

रक्तमिश्रण ओळखायला शेजारी रक्ताचा स्मिअर ठेवा. मॅरोच्या स्लाइडवर कण नाहीत, मेगाकॅरिओसाइट नाहीत आणि पेशी जवळपास रक्तासारख्याच आहेत (बहुतेक पक्व न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट, लाल पेशींचे केंद्रकयुक्त पूर्वज अगदी तुरळक), तर हाडातून मुख्यतः रक्तच आलंय. गोठलेल्या नमुन्यात पेशी असतात, पण तंतूंमध्ये अडकून रांगारांगांनी चिरडलेल्या. मेगाकॅरिओसाइट त्या गुठळीत जातात आणि बाकी स्लाइडवर ते कमी आहेत असं भासतं.

दोन फसगती इथे होतात. कण आहेत पण जवळपास रिकामे, नुसता मेद आणि थोड्या आधारपेशी, असं दिसलं तर तो खराब नमुना समजून पुन्हा टोचू नका. अप्लास्टिक ॲनिमियात (मज्जा रक्तपेशी तयार करणं थांबवते तो आजार) मज्जा अशीच असते आणि तुमच्या हातात चांगला नमुना आहे. त्याला सोबत ट्रेफाइन बायॉप्सी (मज्जेसह हाडाचा बारीक तुकडा काढणं) हवी एवढंच. उलट कणही नाहीत, मेदही नाही, पण स्लाइड एकाच प्रकारच्या पेशींनी गच्च भरली आहे, असं दिसलं तर ती ल्युकेमियाने ठासलेली मज्जा असू शकते. नियमाने कण नाहीत, तरी निदानाला नमुना पुरेल.

नोंद थोडक्यात आणि ठरावीक शब्दांत करा. उदाहरणार्थ: "स्लाइड ३, झटपट स्टेन. कण ५, माग चांगला. मेगा. ४, १०× वर. रक्तमिश्रण थोडं. गुठळी नाही. पुरेसा. ११:४०." किमान दोन स्लाइडवर मागासह कण असतील तर पुरेसा म्हणावा, हा आमचा निकष. फोटो काढताना फोकस आणि एक्स्पोजर बोट दाबून लॉक करा, चौकटीत रुग्णाचं नाव येऊ देऊ नका, आणि वॉर्डाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो टाकू नका.

नमुना पुरेसा नसेल तर

ओल्या नजरेतच कण नसतील तर स्टायलेट घालून सुई थोडी फिरवा किंवा दोन-तीन मिलिमीटर पुढे न्या आणि नव्या सिरिंजने पुन्हा एक छोटी ओढ घ्या. जुन्या सिरिंजमध्ये गुठळीचा अंश असतो, ती वापरू नका. तरी नुसतं रक्त आलं तर त्याच कातडीच्या छिद्रातून हाडावर सेंटिमीटरभर बाजूला नवी जागा घ्या. त्याच खड्ड्यातून तिसऱ्यांदा ओढण्यात अर्थ नाही, तिथे आता रक्तच साचलेलं असतं. एका बाजूला दोन-तीन प्रयत्नांवर थांबा.

काहीच न येणं म्हणजे ड्राय टॅप, आणि तो नेहमी हाताचा दोष नसतो. मायलोफायब्रोसिस (मज्जेत तंतू भरण्याचा आजार), हेअरी सेल ल्युकेमिया, पसरलेला कर्करोग, ठासून भरलेला ल्युकेमिया, या सगळ्यांत मज्जा ओढून निघत नाही. त्याची नोंद "ड्राय टॅप" अशी स्पष्ट करा, कारण ती माहितीही पॅथॉलॉजिस्टच्या उपयोगाची आहे, आणि सरळ ट्रेफाइनकडे वळा. ओढलेल्या जागेतून तुकडा घेऊ नका, त्यात रक्तस्राव आणि मोडलेली जाळी येते. किंचित बाजूला सरका. प्रौढात दोन सेंटिमीटर लांबीचा तुकडा हे लक्ष्य ठेवा.

तुकडा फॉर्मेलिनमध्ये टाकण्याआधी दोन स्लाइडवर त्याचे ठसे घ्या. जास्तीचं रक्त टिपून तुकडा स्लाइडला हलकेच दोन-चार ठिकाणी टेकवा, घासू नका. ड्राय टॅपमध्ये पेशींचं रूप दाखवणारी हीच एक गोष्ट हाती उरते. एक ठसा झटपट स्टेन करून पाहा. पेशीच नसतील तर तुकडा बाहेरच्या कठीण हाडाचा किंवा कूर्चेचा आहे, आणि दुसरा घ्यावा लागेल.

पहिल्या ओढीचा नमुना सिरिंजमध्येच गोठला असेल तर तो फेकू नका. गुठळी फॉर्मेलिनमध्ये टाकून वेगळ्या बाटलीत पाठवा, तिचे काप करून पुष्कळ काही वाचता येतं.

इंदूरचं हवामान

मे महिन्यात चाळिशीपार तापमान आणि वर फुल स्पीडचा पंखा असला की स्लाइडवरचा थेंब पसरवण्याआधीच कडेने वाळतो आणि स्मिअरवर पट्टे येतात. नमुना येण्याआधी पंखा बंद करा, स्मिअर ओढून झाल्यावर लावा. जुलै-ऑगस्टमध्ये उलट: स्मिअर वाळतच नाही आणि उघड्या भांड्यातलं मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. या दिवसांत स्लाइड हातपंख्याने किंवा हेअर ड्रायरच्या थंड झोताने वाळवा, मिथेनॉलचं भांडं झाकलेलं ठेवा आणि रोज सकाळी नवं भरा.

मायक्रोस्कोप घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा वापरता येतात. भिंगावर एकदा बुरशीची जाळी धरली की ती काच खाते, नुसती पुसून जात नाही.

आवरणं आणि पाठवणी

रुग्णाला पाठीवर, जागेखाली गॉजची घट्ट गुंडाळी ठेवून झोपवा. प्लेटलेट कमी असतील तर दाबाचा वेळ वाढवा आणि उठवण्याआधी ड्रेसिंग पाहा. सुया पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात, काच निळ्यात, सिरिंज लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्यात. स्टेज आणि फोकसच्या चकत्या ७० टक्के अल्कोहोलने पुसा. भिंगाला लेन्स पेपरच लावा. वॉर्डातला कापूस भिंगावर ओरखडे पाडतो.

स्लाइड आणि फॉर्मेलिनची बाटली एका पिशवीत कधीच नको, अगदी झाकण घट्ट असलं तरी. बल्ब भरल्याबरोबर आठ-दहा वेळा हलकेच उलट-सुलट करा, हलवून फेस काढू नका. सायटोजेनेटिक्सची हेपारिनची बल्ब बर्फावर ठेवू नका. तिथल्या पेशी जिवंत पोचायला हव्यात, गोठवलेल्या पेशी प्रयोगशाळेत विभागत नाहीत. उन्हाळ्यात बाहेरगावी पाठवताना थर्माकोलच्या डब्यात थंड पॅक तळाशी, त्यावर कागदाचा जाड थर आणि मग बल्ब. फॉर्मवर नमुना काढल्याची वेळ, ओढीचा क्रम आणि बेडपाशी केलेली नोंद लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला कोणत्या स्लाइडपासून सुरुवात करायची ते कळतं.